आकृतीतील वृषणे आणि शरीरातील वृषणे

'पुरुष प्रजननसंस्थेची नामनिर्देशित आकृती काढा' हा प्रश्न परीक्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे की जीवशास्त्राच्या बहुतेक शिक्षकांना ती आकृती डोळे मिटूनही फळ्यावर काढता येईल. मध्यभागी मूत्राशय, त्याखाली पूरस्थ ग्रंथी, दोन्ही अंगांना कमानीसारख्या वळलेल्या शुक्रवाहिन्या आणि त्यांच्या टोकांशी दोन लंबगोल वृषणे. दोन्ही एकाच मापाची, दोन्ही एकाच पातळीवर. एक बाजू काढून कागद मधोमध दुमडला तर दुसरी आपोआप उमटावी इतकी ही आकृती सममित असते. पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात. आकृत्यांची सहसा होत नाहीत. वास्तविक धड्यातील मजकुरापेक्षा मुलांच्या मनात आकृतीच अधिक काळ राहते. म्हणून या एका आकृतीचे परीक्षण करण्याचे आम्ही योजले आहे.

त्याला निमित्त झाले ते एका चिठ्ठीचे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही विज्ञान शिबिरासाठी गेलो होतो. नाव न घालता प्रश्न टाकता यावेत म्हणून व्हरांड्यात एक पेटी ठेवली होती. कृष्णविवरे, नागमणी, भानामती अशा नेहमीच्या विषयांबरोबर तीत एक चौघडी घातलेली चिठ्ठी निघाली. 'माझी एक बाजू खाली आहे. भरतीच्या मेडिकलला काढतील का?' एवढाच मजकूर. कशाची बाजू, हे लिहिलेले नव्हते. लिहिण्याची गरजही नव्हती. हाच प्रश्न जरा निराळ्या शब्दांत विचारणाऱ्या आणखी दोन चिठ्ठ्या त्याच पेटीत होत्या. गावातली मुले पहाटे उठून सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीसाठी धावण्याचा सराव करतात, हे आम्हाला ठाऊक होते. त्यांतला कोणी एक ही भीती मनात घेऊन धावत होता.

आपले शरीर चुकीचे घडले आहे, हे या मुलाला कोणी सांगितले? घरी या विषयावर बोलणे नाही. मित्रांत बोलणे होते ते थट्टेचे. राहते पाठ्यपुस्तक. त्यात दोन्ही वृषणे शेजारी शेजारी, फूटपट्टी लावल्यासारखी. मुलाने आकृती पाहिली, स्वतःकडे पाहिले, दोहोंत फरक आढळला. आणि छापील पुस्तक चुकत नसते, ही शिकवण तर आपणच त्याला दिलेली.

या आकृतीवर एवढा भार पडण्यास आपला इतिहासही कारण आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले, आणि असल्या विषयांवर स्वच्छ मराठीत लिहिल्याबद्दल त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यानंतर ८० वर्षांनी, २००७ साली, किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी थांबवला. असे कार्यक्रम येतात, वाद होतात, बंद पडतात, पुन्हा निराळ्या नावाने येतात. या सगळ्यात वर्गात टिकून राहते ती आकृती, कारण तिला गुण आहेत. शरीराच्या या भागाविषयी शाळेत अधिकृतपणे सांगितली जाणारी गोष्ट पुष्कळदा ती एकच. म्हणून ती बरोबर असली पाहिजे.

डोळ्यांसमोरची गोष्टसुद्धा चित्रात चुकू शकते, याचा एक मोठा मनोरंजक पुरावा कलेच्या इतिहासात आहे. ख्रिस मॅकमॅनस या इंग्लिश संशोधकाने इटलीतील संग्रहालयांमधून प्राचीन ग्रीक-रोमन शैलीच्या १०७ पुरुषपुतळ्यांची वृषणे नजरेखालून घातली आणि १९७६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यावर छोटासा निबंध लिहिला. (या कामासाठी २००२ साली त्यांना 'इग नोबेल' हे आधी हसवणारे आणि मग विचारात पाडणारे पारितोषिक मिळाले.) त्यांना आढळले ते असे. ग्रीक शिल्पकारांनी दोन्ही वृषणे एका पातळीवर ठेवण्याची चूक केलेली नाही. बहुतेक पुतळ्यांत उजवे वर आणि डावे खाली आहे, आणि जिवंत माणसांतही बहुधा तसेच असते. पण खालचे डावे वृषण त्यांनी आकाराने मोठे दाखवले. माणसांत सरासरीने किंचित मोठे असते ते वरचे, उजवे.

इतके बारीक निरीक्षण करणारे कारागीर इथे का चुकले? मॅकमॅनस यांचे म्हणणे असे की त्यांच्या डोक्यातला सिद्धान्त डोळ्यांच्या आड आला. जे जड ते खाली जाणार, आणि जे खाली ते मोठे असणार! ॲरिस्टॉटलने तर वृषणांची तुलना विणकर स्त्रिया मागाच्या धाग्यांना बांधतात त्या दगडी वजनांशी केली होती. नळ्या ताणून धरणे हेच त्यांचे काम, असे त्याला वाटे. पुढे १७६४ साली विंकेलमान या जर्मन कला-इतिहासकाराने प्राचीन कलेवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात डावे वृषण नेहमी मोठे दाखवलेले असते, निसर्गात असते तसेच, असे लिहिले. म्हणजे पुतळ्याची चूक त्याने निसर्गाच्या नावावर खपवली. खातरजमा करण्यासाठी त्याला फार लांब जावे लागले नसते.

ग्रीकांनी निदान एक गोष्ट बरोबर टिपली. आमची आकृती त्यांच्याही मागे आहे. तिच्यामागे कोणताच सिद्धान्त नाही; सममित आकृती काढायला आणि तपासायला सोपी, एवढेच तिचे समर्थन.

आता शरीराकडे येऊ. एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली लोंबणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. बहुधा डावे खाली असते. काही पुरुषांत उजवे, आणि तेही निकोपच. आकारात थोडा फरक असणे हेही नित्याचे. वृषणकोशाची त्वचा अंगाच्या रंगापेक्षा काळसर आणि सुरकुतलेली असते, तिच्या मध्यावर शिवणीसारखी रेघ असते, तिच्यावर बारीक पिवळट ठिपके दिसू शकतात. थंडीत ती आक्रसते आणि वृषणे वर ओढली जातात, उन्हाळ्यात सैल पडते. एकाच मुलाला सकाळी आणि दुपारी निराळे चित्र दिसेल. वृषणाच्या मागच्या बाजूला बोटाला मऊ, दोरीच्या गुंडाळीसारखे काहीतरी लागते. ते अधिवृषण. आकृतीत त्याचे नाव मुले बिनचूक लिहितात आणि स्वतःच्या अंगावर हाताला लागले की गाठ आली म्हणून घाबरतात. नाव पाठ करणे आणि वस्तू ओळखणे यांतले अंतर इतके चांगले दाखवणारे उदाहरण आम्हाला तरी दुसरे ठाऊक नाही.

मापांचेही तसेच. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रौढाच्या वृषणाची लांबी ४ ते ५ सेंटिमीटर आणि रुंदी २ ते ३ सेंटिमीटर दिली आहे. आकडे ठीक आहेत आणि 'प्रौढ' हा शब्दही तिथे आहे. पण वाचणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तो शब्द ओलांडून थेट आकड्यावर जातो. डॉक्टर हे माप निराळ्या रीतीने घेतात. झुरिकचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्रादर यांनी १९६६ साली दोऱ्यात ओवलेल्या १२ लंबगोल मण्यांची एक माळ प्रचारात आणली. सर्वांत लहान मणी १ मिलिलिटरचा, सर्वांत मोठा २५ चा. एका हाताने वृषण चाचपायचे आणि दुसऱ्या हाताने जुळता मणी शोधायचा. वयात येण्यापूर्वी वृषण १ ते ३ मिलिलिटरचे असते. ४ चा मणी जुळला की वयात येणे सुरू झाले असे मानतात. मिसरूड, आवाज फुटणे हे सारे त्यानंतरचे. ही सुरुवात ९ वर्षांपासून १४ वर्षांपर्यंत केव्हाही होते, आणि प्रौढपणी माप साधारणतः १५ ते २५ मिलिलिटरवर स्थिरावते. म्हणजे नववीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन निरोगी मुलांत दुपटीतिपटीचा फरक असू शकतो. चौदावे सरले तरी काहीच वाढ नाही, किंवा नवव्या वर्षाआधीच वाढ सुरू झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. पुस्तकात एका आकड्याऐवजी ही माळ छापली असती तर किती मुलांची झोप वाचली असती!

पण आमचा मुख्य आक्षेप सममितीहून खोल आहे. ही आकृती वृषणे कुठे आहेत ते सांगते. ती तिथे कशी आली ते सांगत नाही. आणि ती कशी आली हे कळल्यावाचून ती वरखाली का, आणि डॉक्टरांकडे केव्हा धाव घ्यायची, यांतले काहीही नीट उलगडत नाही.

गर्भात वृषणे तयार होतात ती पोटाच्या मागल्या भिंतीशी, मूत्रपिंडांच्या शेजारी. तेथून ती हळूहळू खाली सरकतात. सुमारे सातव्या महिन्यात जांघेतल्या अरुंद बोगद्यातून बाहेर पडतात आणि बहुधा जन्मापर्यंत वृषणकोशात पोहोचतात. वाट दाखवणारी एक तंतूंची दोरी असते. अठराव्या शतकातील शल्यविशारद जॉन हंटर यांनी तिला 'गुबरनॅक्युलम' म्हणजे सुकाणू असे नाव दिले. माहेर सोडले तरी वृषणांचा रक्तपुरवठा आणि चेतातंतू माहेरचेच राहतात. ते त्यांच्यामागून लांबत खाली येतात. म्हणून वृषणाची रोहिणी मांडीजवळून न निघता वर मूत्रपिंडाजवळ महारोहिणीतून निघते. ओढणारी सगळी रक्कम अशी फिरून येते: रोहिणी, नीला, चेतातंतू आणि शुक्रवाहिनी यांचा मिळून झालेला वृषणरज्जू.

परतीच्या वाटेवर डावे-उजवे यांत फरक पडतो. उजव्या वृषणाची नीला तिरकी जाऊन थेट अधोमहानीलेला मिळते. डावीला तशी सोय नाही. ती आणखी वर चढून डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला जवळजवळ काटकोनात मिळते. वाट लांब, उभी आणि शेवटी काटकोन. साहजिकच डाव्या बाजूला रक्त तुंबण्याचा संभव अधिक. सुमारे १५ टक्के पुरुषांत वृषणाच्या वरच्या अंगाला नीलांचे फुगलेले जाळे तयार होते. हाताला पिशवीत गांडुळे भरल्यासारखे लागते. यालाच व्हेरिकोसील म्हणतात. ते बहुधा डावीकडेच असते आणि बहुधा वयात येतानाच दिसू लागते. पुष्कळांना त्याचा काहीच त्रास होत नाही. तरी एकदा डॉक्टरांना दाखवावे. दुखत असेल किंवा त्या बाजूचे वृषण मागे पडत असेल तर नक्कीच. आडवे पडल्यावरही जाळे ओसरत नसेल, किंवा ते फक्त उजवीकडेच असेल, तर वर पोटात नीलेवर कशाचा दाब आहे काय, ते पाहावे लागते. काटकोन माहीत असणाऱ्या विद्यार्थ्याला ही शेवटची गोष्ट पाठ करावी लागत नाही.

प्रवास अर्धवट राहिला तर वृषण वाटेतच थांबते. पूर्ण दिवसांच्या सुमारे ३ टक्के मुलग्यांत जन्मतः एखादे वृषण खाली आलेले नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच अधिक. पहिल्या काही महिन्यांत यांतली बरीच आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर उतरण्याची आशा फारशी उरत नाही, म्हणून ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान छोटी शस्त्रक्रिया करून ते खाली आणतात. 'मोठा झाला की येईल खाली' हा घरोघरचा सल्ला चुकीचा आहे. वर राहिलेल्या वृषणात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो आणि शुक्रजनन बिघडते. थंडीत वर जाणारे आणि गरम पाण्याने अंघोळ करताना खाली येणारे वृषण निराळे. त्यावर डॉक्टर वर्षातून एकदा लक्ष ठेवतात, एवढे पुरते. ज्या वाटेने वृषण आले ती मागे मिटली नाही तर तिच्यातून आतड्याचा भाग उतरतो आणि अंतर्गळ होतो, किंवा पाणी उतरून वृषणाभोवती साठते. पाण्याच्या या फुगवट्याला आपल्याकडे अंडवृद्धी म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर या पूर्व विदर्भाच्या भागात मोठ्या माणसांतील अंडवृद्धीमागे हत्तीरोगाचे जंतही असतात, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. यांतले काहीही लपवून ठेवण्याने बरे होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वृषण रज्जूला टांगलेले असते. एरवी ते मागच्या बाजूने आवरणाला चिकटलेले असल्याने गिरकी घेत नाही. काही मुलांत ही चिकटण जन्मतःच अपुरी असते आणि वृषण घंटेच्या लोलकासारखे मोकळे राहते. मग कधीतरी, पुष्कळदा झोपेत, रज्जूला पीळ पडतो. रक्त थांबते. हे कोणत्याही वयात होऊ शकते, पण सर्वाधिक होते ते १२ ते १८ या वयात. पहिल्या ६ तासांत पीळ सोडवला तर १० पैकी ९ हून अधिक वेळा वृषण वाचते. २४ तास उलटले तर क्वचितच. पंचवीस वर्षांखालील पुरुषांत दर ४००० मागे वर्षाला साधारणतः एकाला हे होते. हजार मुलगे असलेल्या शाळेत, सरासरीने, चार वर्षांत एक. आपल्या शाळेत झाल्याचे आपण ऐकले नसेल तर ते झाले नाही असे मात्र समजू नये.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनी सांगितलेली हकीगत येथे देणे भाग आहे. वसतिगृहातील चौदा वर्षांचा मुलगा पहाटे तीनला पोट दुखते म्हणून उठला. उलटी झाली. 'सर, पोटात कळ येतेय,' एवढेच तो सांगत राहिला. त्याला पित्ताची गोळी दिली गेली. सकाळी जवळच्या दवाखान्यात पोटदुखीचे इंजेक्शन मिळाले. विजार उतरवून कोणी पाहिले नाही, आणि त्याने सांगितले नाही. जिल्ह्याच्या गावी शल्यचिकित्सकांनी पाहिले तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. वृषण काळे पडले होते, काढावे लागले. दुसऱ्यालाही तोच धोका असतो म्हणून ते टाके घालून बसवून टाकले. 'तिथे दुखत होतं, पण मॅडम होत्या तिथं,' असे तो नंतर म्हणाला.

मुलगा लाजला हे खरे. पण तो खोटेही बोलला नव्हता. वृषणाचे चेतातंतू पोटातून आलेले असल्याने वृषणाची कळ पोटातही जाणवते, कधी तर फक्त पोटातच. गर्भातला तो प्रवास वर्गात शिकवला गेला असता, तर त्या वसतिगृहातल्या एखाद्याला तरी विचारावेसे वाटले असते की खाली दुखते का. म्हणून शिक्षकांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे: किशोरवयीन मुलाला अचानक तीव्र ओटीपोटाची कळ आणि उलटी होत असेल तर त्याला एकांतात, सरळ शब्दांत तो प्रश्न विचारावा. उत्तर 'हो' आले, किंवा एक बाजू सुजली, लाल झाली, वर ओढली गेली असे तो म्हणाला, तर ती पीळच आहे असे धरून जिथे शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे. आपण तपासू नये. ते आपले काम नव्हे. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागेल. कळ आपोआप थांबली तरी न्यावे, पीळ सुटतो आणि पुन्हा पडतो. खेळताना मार लागून तासाभराने दुखणे ओसरले नाही, किंवा गालगुंडांनंतर काही दिवसांनी वृषण सुजले, तरीही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कर्करोगाबद्दल थोडेसे, कारण मुलांना भीती वाटते ती त्याचीच. वृषणाचा कर्करोग तरुणांचा, मुख्यतः १५ ते ४० या वयाचा. पण भारतात तो फार विरळा, लाखात एकाहूनही कमी. तो बहुधा न दुखणाऱ्या, टणक गाठीच्या रूपाने वृषणातच वाढतो, आणि वेळेवर उपचार झाले तर जवळजवळ सर्व रुग्ण बरे होतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचा रोग १९९६ साली उघडकीस आला तेव्हा तो फुप्फुसांत आणि मेंदूत पसरला होता. तरी तो बरा झाला. (पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात त्याची पदके गेली, तो भाग निराळा.) दर महिन्याला स्वतःची तपासणी करा असा उपदेश काही पुस्तिका करतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक वैद्यकाविषयीच्या कार्यदलाने २०११ साली याविरुद्ध शिफारस केली. रोग इतका विरळा आणि इतका बरा होणारा की सर्वांनी नियमाने चाचपण्याने फायदा दिसत नाही, विनाकारण तपासण्या आणि धास्ती मात्र वाढते. आम्हालाही हेच पटते. स्वतःचे नेहमीचे रूप ओळखीचे असावे; त्यात काही नवे, टणक, एकाच बाजूला वाढणारे आढळले तर दाखवावे. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती कर्करोगाची भीती देऊन पीळ पडण्याची माहिती न देणे, हे प्रमाण उलटे झाले.

पाठ्यपुस्तकाच्या आणखी एका विधानाबद्दल आमची किरकोळ कुरकुर आहे. शुक्राणू तयार होण्यास शरीरापेक्षा २ ते २.५ अंश कमी तापमान लागते, म्हणून वृषणे बाहेर, असे शिकवले जाते. माणसापुरते हे तापमान खरे. पण 'म्हणून' हा शब्द फार घाईचा आहे. हत्तीची वृषणे जन्मभर पोटात मूत्रपिंडांजवळच असतात. कोंबडा कापताना पाहिलेल्या कोणत्याही मुलाला कण्याला चिकटलेल्या दोन पांढुरक्या वृषणांची जागा ठाऊक असते, आणि कोंबड्याचे शरीर तर ४१ अंशांच्या आसपास तापलेले. वृषणे बाहेर आली म्हणून शुक्राणूंना थंडाव्याची सवय लागली, की थंडाव्यासाठी ती बाहेर आली, याचा वाद संपलेला नाही. वर्गात हा प्रश्न उघडा ठेवला तर काही बिघडत नाही. उलट हसण्याखिदळण्यातून वर्ग विचारावर येतो, असा आमचा अनुभव आहे. गावाकडच्या मुलांना बैल खच्ची करणे आणि अंडील वळू यांतला फरक पुस्तकाआधी माहीत असतो. ते ज्ञान दाराबाहेर ठेवून आपण 'वृषण' हा शब्द शिकवतो, आणि उत्तरपत्रिकेत तो 'अंडाशय' होऊन परत येतो.

आकृती दुरुस्त करायला फार काही लागत नाही. डावे वृषण बोटभर खाली काढावे. वर दोन्ही मूत्रपिंडे तुटक रेषांनी दाखवावीत आणि तेथून वृषणांपर्यंत एक बाण. डावी नीला मूत्रपिंडाच्या नीलेत काटकोनात आणि उजवी महानीलेत तिरकी मिळालेली. कडेला मण्यांची माळ, वयांसह. आणि खाली एक ओळ: डावे-उजवे फरक नेहमीचे; अचानक कळ आल्यास तत्काळ रुग्णालय. आम्ही त्या शिबिरात दुसऱ्या दिवशी फळ्यावर असेच चित्र काढले, आणि चिठ्ठीचे उत्तर नाव न घेता सगळ्यांसमोर दिले. एक बाजू खाली असण्यावरून भरतीत कोणाला काढत नाहीत. व्हेरिकोसील, अंडवृद्धी, अंतर्गळ किंवा न उतरलेले वृषण मात्र तिथे पाहिले जाते, तेव्हा शंका असेल तर मैदानावर जाण्याच्या पुष्कळ आधी सरकारी रुग्णालयात दाखवून घ्यावे, म्हणजे उपचाराला वेळ मिळतो. कोणीही मान वर केली नाही, पण त्या वेळी कोणी हसलेही नाही.

तास संपल्यावर तिथल्या विज्ञान शिक्षिकांनी आम्हाला गाठले. चित्र त्यांना पटले होते. शंका एकच होती: 'मुलांनी बोर्डाच्या पेपरात डावं खाली काढलं तर परीक्षक मार्क कापतील का हो, सर?' आम्ही सांगितले की गुण नामनिर्देशनाला आणि जोडणीला असतात, पातळीला नाहीत. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. 'तुम्ही असं कुठंतरी छापून द्या,' त्या म्हणाल्या, 'म्हणजे मला मॉडरेटरांना दाखवता येईल.'